आई-बाबा आणि दोन चिल्लीपिल्ली : न्यू जर्सीहून लिबर्टी, वॉशिंग्टन, नायगारा फिरायला नेताना

आई-बाबा मिरजेहून पहिल्यांदा आमच्याकडे एडिसनला आले, तेव्हा थोरली चार वर्षांची होती आणि धाकटा सोळा महिन्यांचा. मी आधीच एक्सेलमध्ये तक्ता करून ठेवला होता. दिवसाला चार ठिकाणं, प्रत्येकाला दीड तास, मध्ये जेवण अर्धा तास. पहिल्याच शनिवारी न्यूयॉर्कमध्ये दुपारी दोन वाजता धाकटा भोकाड पसरून रडत होता, थोरली "कडेवर घे" म्हणून फतकल मारून बसली होती, बाबा एका कठड्यावर गुडघा चोळत होते आणि आई म्हणाली, "आम्हाला काही बघायचं नाहीये गं, तुम्ही या फिरून."

हे वाक्य ऐकू आलं की बेत चुकला म्हणून समजा. तक्ता त्याच रात्री काढून टाकला. त्यानंतरच्या चार महिन्यांत आम्ही लिबर्टी, वॉशिंग्टन आणि नायगारा नीट पाहिलं. आता पुतण्यापासून शेजारच्या मैत्रिणीपर्यंत सगळे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते. माझा नियम एकच आहे. दिवसाला मोठी गोष्ट एकच, आणि तीही जो सगळ्यांत हळू चालतो त्याच्या चालीनं. बाकी सगळं या नियमाची फोड आहे.

१. पहिला आठवडा घराबाहेर लांब जायचं नाही

मुंबई ते नेवार्क सोळा तासांच्या आसपासचं विमान, वर साडेनऊ तासांचा वेळेचा फरक (इथली, अमेरिकेतली घड्याळं हिवाळ्यात एक तास मागे जातात तेव्हा साडेदहा). आई रात्री दोनला उठून देवाचं म्हणायची, दुपारी चारला जेवता जेवता पेंगायची. अशा माणसाला तिसऱ्या दिवशी सहलीला काढू नका. या आठवड्यात जवळच्या बागेत सकाळी फेरी, ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत भाजी आणि कंदी पेढे नसले तरी निदान बर्फी, आणि आठवड्याच्या शेवटी रॉबिन्सव्हिलचं अक्षरधाम. हे मंदिर २०२३च्या ऑक्टोबरमध्ये खुलं झालं. भरपूर पार्किंग, बसायला जागा, शाकाहारी जेवण, त्यामुळे सरावाची सहल म्हणून याहून चांगली जागा नाही. या दिवशी फक्त निरीक्षण करा. आई न बसता किती वेळ चालते? बाबांना किती वेळानं बाथरूम लागतं? धाकटा गाडीत झोपतो की नाही? पुढच्या सगळ्या सहली या तीन उत्तरांवर बेतायच्या.

२. कागद आणि औषधं

एक प्लॅस्टिकची पारदर्शक फाइल करा. ती कायम तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत. आई-बाबांच्या पिशवीत द्याल तर ते ती हॉटेलच्या कपाटात साड्यांखाली "जपून" ठेवतील.

फाइलमध्ये हे हवं :
– दोघांचे पासपोर्ट. राज्याबाहेर जाताना मूळ प्रत, फोनमध्ये फोटो वेगळा.
– आय-९४ची, म्हणजे अमेरिकेत शिरल्याच्या सरकारी नोंदीची छापील प्रत. सरकारी संकेतस्थळावरून फुकट मिळते. त्यावर परत जाण्याची शेवटची तारीख असते. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी मुक्काम या तारखेपर्यंतचाच, हा घोळ पुष्कळांचा होतो.
– प्रवासी आरोग्य विम्याचं कार्ड आणि त्यावरचा फोन नंबर.
– औषधांची यादी, गोळीच्या मूळ औषधाच्या नावासह.

शेवटचा मुद्दा थोडा उलगडून सांगते. बाबा मधुमेहाच्या गोळीचं भारतातलं कंपनीचं नाव सांगतात. इथल्या फार्मसीत ते कोणाला कळत नाही, "मेटफॉर्मिन" म्हटलं की लगेच कळतं. पॅरासिटामॉल मागाल तरी समोरचा गोंधळतो, कारण इथे त्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच. डॉक्टरांकडून निघतानाच टाइप केलेली चिठ्ठी आणायला सांगा. आणि औषधं गाडीत ठेवून जायची नाहीत. जुलैच्या उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते. इन्सुलिन असेल तर छोटी थंड पिशवी घ्यायचीच.

विमा काढताना एक कलम डोळ्यांत तेल घालून वाचा : आधीपासून असलेल्या आजारांबद्दल काय लिहिलंय. बऱ्याच स्वस्त योजना जुन्या आजाराचा खर्च अजिबात देत नाहीत, काही फक्त तो अचानक बळावला तरच आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंत देतात. आमच्या पहिल्या योजनेत हे बारीक अक्षरात होतं. आई-बाबा विमानात बसण्याआधी दोन दिवस ते माझ्या लक्षात आलं आणि मी धावतपळत दुसरी योजना घेतली.

३. गाडी : सहा माणसं पाच सीटांत बसत नाहीत

हे लिहायची गरज वाटू नये, पण आम्हीच दोन गाड्या नेल्या होत्या पहिल्यांदा. एकीत नवरा, बाबा आणि थोरली. दुसरीत मी, आई आणि रडणारा धाकटा. दोन्हीकडे टोल, दोन्हीकडे पार्किंग, आणि रस्ताभर "तुम्ही कुठे पोचलात?"

सात-आठ सीटांची मिनीव्हॅन भाड्यानं घ्या. मोठी एसयूव्ही नको. ती उंच असते, चढताना आईची साडी अडकते आणि बाबांना दांडा धरून लटकावं लागतं. मिनीव्हॅनचं दार सरकतं आणि पायरी बुटकी असते. बसण्याचा क्रम आम्ही तीन सहलींत शोधून काढला : बाबा पुढे (पाय लांब करता येतात, शिवाय नकाशा बघायचा मान मिळतो), मधल्या ओळीत दोन्ही कार सीट, आणि मागे मी नि आई. आईला मागे जायला त्रास होत असेल तर एक कार सीट मागे टाका आणि आईला मधे घ्या.

न्यू जर्सीच्या कायद्यानुसार दोन वर्षांखालचं आणि ३० पौंडांखालचं मूल मागे तोंड करूनच बसवायचं, आणि आठ वर्षं किंवा ५७ इंच उंची होईपर्यंत कार सीट किंवा बूस्टर लागतंच. आजीच्या मांडीवर नातू ही गोष्ट गाडी थांबलेली असतानाच. आई पहिल्या दिवशी म्हणाली, "अगं किती रडतोय, दे ना इकडे, दोन मिनिटं." गाडी बाजूला घ्या, थांबा, शांत करा, परत बांधा. यात सवलत नाही, आणि हे निघण्याआधीच घरी सांगून टाका, म्हणजे महामार्गावर वाद होत नाही.

दर दोन तासांनी थांबा. मुलांसाठी थांबावंच लागतं, पण ज्येष्ठांचे पायही लांब बसून सुजतात. थांबल्यावर पाच मिनिटं चालायला लावा.

४. हॉटेल निवडताना बाथटब बघा

सगळे खोलीचं भाडं आणि न्याहारी बघतात. मी आधी न्हाणीघराचा फोटो बघते. इथल्या बहुतेक हॉटेलांत टबमध्ये उभं राहून अंघोळ करायची असते, आणि टबची कड गुडघ्याइतकी उंच. सत्तरीच्या माणसाला ओल्या पायानं ती ओलांडणं म्हणजे पडायला आमंत्रण. आरक्षण करताना सपाट शॉवर असलेली खोली मागा, नाही मिळाली तर टबमध्ये रबरी चटई आणि बाहेर पायपुसणं. एक प्लॅस्टिकचा मग घरून न्या. तो कशासाठी हे आपल्या लोकांना सांगायला नको. दिवसा फिरताना त्याच कामासाठी दाबल्यावर धार येणारी छोटी बाटली मिळते, ती पिशवीत असू द्या. या गोष्टीची चिंता असल्यामुळे आई दिवसभर पाणीच पीत नव्हती, हे मला दुसऱ्या सहलीत कळलं. उन्हात हे धोक्याचं आहे.

दोन खोल्या घेत असाल तर "मधे दार असलेल्या" हव्यात असं स्पष्ट सांगा. शेजारशेजारच्या खोल्या आणि आतून जोडलेल्या खोल्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आरक्षणाच्या पानावर दोन्हींची नावं दिसायला सारखीच. आत दार असलं की मुलं आठला झोपल्यावर मोठ्यांना पलीकडे चहा पीत बसता येतं. नाहीतर सगळे अंधारात कुजबुजत बसतात.

५. खाणंपिणं

छोटं स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर उत्तम. पण फोडणी देऊ नका! मोहरी तडतडली, धूर झाला की छतावरचा भोंगा वाजतो. आमच्या मजल्यावरचे लोक रात्री दारात येऊन उभे राहिले, आणि आई हातात झारा घेऊन "सॉरी, सॉरी" म्हणत होती. फोडणी घरून डब्यात करून न्या. थंड फोडणी घालून वरणभात, मेतकूट-तूप-भात, दही आणि लोणचं. छोटा राइस कुकर आणि विजेची किटली यांवर चार दिवस आरामात निघतात.

गाडीत दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. तिखट कमी ठेवा, कारण तेच मुलांच्याही पोटात जाणार. आणि निघण्याआधी कालनिर्णय उघडून चतुर्थी, एकादशी कधी ते बघा. आमची नायगाऱ्याची सहल नेमकी संकष्टीला आली. आई दिवसभर वेफर्सवर, आणि चंद्रोदय रात्री उशिरा. त्यानंतर साबुदाण्याचा चिवडा आमच्या प्रवासी पिशवीचा कायमचा सदस्य आहे.

चहा थर्मासात. बाहेरचा "चाय लाटे" बाबांनी एकदा घेतला. त्याबद्दल ते मिरजेत अजून सांगतात.

६. चाकांची खुर्ची : "मी काय म्हातारी झाले का?"

या लेखातला एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा.

आपली माणसं चाकाच्या खुर्चीत बसायला तयार होत नाहीत. घरात दोन तास उभं राहून पुरणपोळ्या करणारी बाई स्वतःला अपंग का समजेल? आणि ते खरंही आहे. त्यांना चालता येतं. पण संग्रहालयातलं चालणं निराळं असतं : दोन पावलं, थांबा, परत दोन पावलं, खाली कडक फरशी. त्यात गुडघे आणि कंबर लवकर जातात.

मी आईशी वाद घालणं सोडून दिलं. चार छोट्या चाकांची, घडी होणारी हलकी खुर्ची विकत घेतली (तिला मागून ढकलावं लागतं, साधारण स्ट्रोलरइतकीच जड असते) आणि आईला सांगितलं, "ही पिशव्या ठेवायला." पहिला तास तिच्यावर डायपरची पिशवी आणि पाण्याच्या बाटल्या फिरल्या. मग थोरली बसली. मग थोरली म्हणाली, "आजी, तू बस, मी तुझ्या मांडीवर." आजी बसली. संध्याकाळपर्यंत उठली नाही. दुसऱ्या दिवशी तीच विचारत होती, "ती गाडी घेतलीत ना?"

खुर्ची विकत घ्यायची नसेल तर मोठ्या संग्रहालयांत दारातच मोफत मिळते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयांत तर नक्की, पण जो आधी येईल त्याला. म्हणून दार उघडतानाच पोचा. दुसरा फायदा असा की खुर्ची असली की लिफ्टचा रस्ता आपोआप विचारला जातो, आणि तोच स्ट्रोलरलाही लागतो. उतारावर मात्र खुर्ची ढकलणारा आणि स्ट्रोलर ढकलणारा हे दोन वेगळे मोठे हवेत. मुलांच्या हाती खुर्ची देऊ नका, कितीही हट्ट केला तरी.

७. लिबर्टीचा पुतळा : मॅनहॅटनमधून नको, जर्सीमधून जा

पुतळ्याकडे बोटी दोन ठिकाणांहून सुटतात : मॅनहॅटनच्या टोकाची बॅटरी आणि जर्सी सिटीतलं लिबर्टी स्टेट पार्क. न्यू जर्सीत राहत असाल तर दुसरं ठिकाण डोळे मिटून निवडा. गाडी धक्क्याजवळ लावता येते, गर्दी कमी, आणि समोर मॅनहॅटनचं पूर्ण दृश्य. बॅटरीकडे जायचं म्हणजे भुयारी रेल्वे, आणि तिथल्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट नाही. नकाशात खुर्चीचं चिन्ह असेल तिथेच उतरायचं असतं.

तिकीट घरूनच काढा. बोटींचा अधिकृत चालक एकच आहे, स्टॅच्यू सिटी क्रूझेस. बॅटरीजवळ रस्त्यावर जाकीट घालून तिकिटं विकणारे भेटतात. त्यांच्याकडची बोट पुष्कळदा पुतळ्याजवळून फक्त वळसा घालते, बेटावर उतरवत नाही. घरून तिकीट काढण्याचा आणखी एक फायदा : खिडकीवरचा दर बाबांना दिसत नाही. नाहीतर ते जागीच रुपयांत गुणाकार करतात आणि "तुम्हीच जाऊन या" सुरू होतं.

कोणतं तिकीट? साधं. त्यात बेट, तिथलं संग्रहालय आणि एलिस बेट तिन्ही येतं. मुकुटाच्या तिकिटाच्या मोहात पडू नका. चौथऱ्यापासून वर १६२ अरुंद पायऱ्या, आणि मुलाची उंची ४२ इंच, म्हणजे साडेतीन फूट, हवी. कडेवर घेऊन चढता येत नाही. म्हणजे अर्धे वर, अर्धे खाली. बोटीत चढण्याआधी विमानतळासारखी तपासणी होते, तेव्हा नारळ फोडायचा चाकू, मोठ्या सुऱ्या वगैरे पिशवीतून काढा. (हो, आईच्या पिशवीत सुरी होती. पेरू कापायला.)

एलिस बेट उरकून टाकायची जागा नाही. १८९२ ते १९५४ या काळात सुमारे एक कोटी वीस लाख माणसं इथून अमेरिकेत शिरली. वरच्या मोठ्या नोंदणीच्या दालनात बाकं आहेत. धाकटा झोपला, बाबा अर्धा तास त्या बाकावर बसून राहिले. नंतर मला म्हणाले, "तू पण असंच आलीस की."

शेवटची बोट धरायच्या बेतात राहू नका. तिला सगळ्यांत मोठी रांग असते.

८. वॉशिंग्टन : नकाशावर जवळ, पायाला लांब

एडिसनहून २०० मैलांच्या आसपास, थांबे धरून पाच तास. इथे दोन रात्री राहा. संसद भवनापासून लिंकन स्मारकापर्यंतची हिरवळ नकाशावर तळहाताएवढी दिसते, प्रत्यक्षात तीन किलोमीटरच्या वर आहे, आणि मधे सावली कमी. ती चालायचा प्रयत्न आम्ही एकदाच केला. स्मारकं गाडीतून संध्याकाळी बघा. दिवे लागतात, ऊन नसतं. लिंकनच्या पायऱ्या चढायच्या नसतील तर लिफ्ट आहे, पण ती दुरुस्तीसाठी बंद असते कधीकधी, म्हणून आधी चौकशी करा. मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूवर भारतीय दूतावासासमोर गांधीजींचा पुतळा आहे, तिथे थांबलात तर आई-बाबांचा फोटो गावाकडच्या ग्रुपवर लगेच जातो.

स्मिथसोनियनची संग्रहालयं फुकट, वर्षात फक्त २५ डिसेंबरला बंद. काहींना फुकट असूनही वेळेचा पास आधी काढावा लागतो, विमानांच्या संग्रहालयाला विशेषतः. तो नसला तर दारातून परत. दिवसाला एकच संग्रहालय, सकाळी दहा ते एक. त्यानंतर हॉटेल, जेवण, सगळ्यांची झोप. हो, मोठ्यांचीसुद्धा.

आमच्यासाठी पहिला मान नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचा. मुलांना डायनासोर आणि मधल्या घुमटाखालचा भला मोठा हत्ती. मोठ्यांना होप हिरा. ४५.५२ कॅरटचा, निळा, आणि मूळचा आपल्याकडच्या गोवळकोंडा परिसरातला. सतराव्या शतकात टॅव्हर्निए या फ्रेंच व्यापाऱ्यानं तो भारतातून नेला आणि चौदाव्या लुईला विकला. बाबा काचेला नाक लावून म्हणाले, "म्हणजे आपलाच की!" पण त्यांचा खरा आनंद पुढे होता. हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्यानं १९५८ मध्ये हा हिरा संग्रहालयाला दिला, तेव्हा त्यानं तो साध्या रजिस्टर टपालानं पाठवला. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. दुसऱ्या दिवशीचा आमचा बेत तिथेच बदलला. युनियन स्टेशनच्या शेजारी राष्ट्रीय टपाल संग्रहालय आहे, स्मिथसोनियनचंच आणि फुकट. छताला टांगलेली डाकविमानं, खाली डाकगाड्या, गर्दी नाही, बाकं भरपूर. मी ते माझ्या यादीत घेतलंच नव्हतं. आई-बाबांना एकदा विचारा, तुम्हाला काय बघायचंय. "तू नेशील तिथे" हे उत्तर पहिल्यांदा येतंच, ते मोजू नका.

९. नायगारा : सगळ्यांत मोठा सापळा पुलावर आहे

एडिसनहून जवळपास ४०० मैल, म्हणजे ६४० किलोमीटर. नकाशा सहा-सात तास म्हणतो, दोन म्हातारी आणि दोन लहान धरून दहा समजा. एका दिवसात जाऊ नका. वाटेत कॉर्निंगला मुक्काम करा. तिथल्या काचेच्या संग्रहालयात तापलेल्या काचेचा गोळा फुंकून भांडं करून दाखवतात. बसून बघायचं असतं, मुलं टक लावून बघतात, आणि १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. जवळच वॉटकिन्स ग्लेनची घळ आहे. लोक म्हणतात, "अरे जाच." फोटो सुंदर येतात, पण त्या वाटेवर ८३२ पायऱ्या आहेत, ओल्या आणि दगडी. आई-बाबांना तोंडाशीच थोडं आत नेऊन परत आणा. स्ट्रोलर तर विसराच.

आता सापळा. धबधबा सीमेवर आहे, समोर दिसतं ते कॅनडा. कॅनडाच्या बाजूनं दृश्य जास्त चांगलं, हे खरं. तुमच्याकडे ग्रीन कार्ड असेल तर तुम्हाला पासपोर्ट दाखवून व्हिसाशिवाय जाता येतं, म्हणून आई-बाबांनाही नेता येईल असं वाटतं. नाही. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा पर्यटक व्हिसा असला तरी कॅनडाचा वेगळा लागतो. तुम्ही एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) असाल तर तुम्हालाही लागतो. तो काढायला वेळ जातो, बोटांचे ठसे द्यावे लागतात. जायचंच असेल तर भारतात असतानाच काढून आणायला सांगा. नसेल तर अमेरिकेची बाजू पुरेशी आहे, मन खट्टू करू नका.

आणि गाडी चालवणाऱ्यानं थेट कॅनडात नेणाऱ्या रेनबो पुलाकडे जाणाऱ्या लेनवर डोळा ठेवायचा. पुलावर चढलात की मधे वळता येत नाही. नवरा एकदा त्या लेनमध्ये शिरला होता. आम्ही शेवटच्या वळणावर बाहेर पडलो, तोवर मागे आईचं रामरक्षा सुरू झालं होतं.

मुक्कामाचं ठिकाण स्टेट पार्कपासून जवळ घ्या, म्हणजे दिवसातून दोनदा जाता येतं : सकाळी बोट, रात्री रोषणाई. हे उद्यान १८८५चं, अमेरिकेतलं सगळ्यांत जुनं स्टेट पार्क. आत शिरायला पैसे नाहीत, पार्किंगला आहेत. वाटा सपाट आहेत, खुर्ची आणि स्ट्रोलर दोन्ही जवळपास सगळीकडे जातात.

बोट : मेड ऑफ द मिस्ट. हिवाळ्यात बंद असते, वसंतात सुरू होते. निरीक्षण मनोऱ्यातून लिफ्टनं खाली धक्क्यावर उतरायचं, निळा प्लॅस्टिकचा रेनकोट मिळतो, स्ट्रोलरची घडी करावी लागते. सकाळी पहिल्या एक-दोन फेऱ्यांना गेलात तर रांग छोटी. बोटीवर वरच्या मजल्यासाठी सगळे धावतात, तुम्ही खालच्या मजल्यावर कठड्याशी थांबा. धरायला असतं आणि जिना नसतो. रेनकोट असला तरी पाय भिजतातच, म्हणून आईला साडीऐवजी पंजाबी ड्रेस, आणि सगळ्यांचे कोरडे मोजे गाडीत. घोड्याच्या नालेसारख्या मोठ्या धबधब्यापाशी आवाज प्रचंड होतो. धाकटा घाबरून छातीला चिकटला. आधी त्याच्या कानावर टोपी ओढायला हवी होती.

केव्ह ऑफ द विंड्स ही लाकडी पुलांवरून धबधब्याच्या पायथ्याशी नेणारी वाट. पायऱ्या आहेत, आणि शेवटच्या हरिकेन डेकला ४२ इंचांची तीच अट. आम्ही पाळी लावली : एकजण थोरलीला घेऊन गेला, बाकीचे गोट बेटावर टेरापिन पॉइंटला बसले. मला विचाराल तर टेरापिन पॉइंटच जास्त आवडला. पाणी कड्यावरून खाली जातं ते अगदी शेजारून दिसतं, बसून दिसतं आणि फुकट दिसतं. बाबा तिथे तासभर होते. शेवटी मीच म्हटलं, चला.

१०. हरवणं, रुसणं आणि मुलं सांभाळणं

एका संग्रहालयात बाबा चाळीस मिनिटं हरवले. फोन लागेना. शेवटी बाकावर शांत बसलेले सापडले. "नेट वाया जायला नको" म्हणून त्यांनी फोन विमान मोडवर टाकला होता. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी शिरल्या शिरल्या भेटायची जागा दाखवून ठेवतो, जशी आपण जत्रेत ठेवायचो : "चुकामूक झाली तर या हत्तीपाशी." आणि दोघांच्या खिशात एकेक कार्ड. त्यावर हॉटेलचं नाव, पत्ता, आमचे दोन्ही फोन नंबर, औषधं आणि ॲलर्जी. मुलांच्या खिशातही तेच, औषधांशिवाय.

आजी-आजोबा आले म्हणून सहलीभर मुलं त्यांच्याकडे देऊन तुम्ही सेल्फी काढत फिरू नका. त्यांना नातवंडं हवीच असतात, पण सलग नाही. आमच्याकडे ठरलं होतं की दुपारची झोप आणि डायपर माझे नि नवऱ्याचे, गोष्टी आणि खाऊ आजीचे. उलट एक संध्याकाळ मुलांना घेऊन आम्ही हॉटेलात थांबलो आणि आई-बाबांना दोघांनाच नायगाऱ्याची रोषणाई बघायला खाली पाठवलं. फोन चालू ठेवायची शपथ घालून. दीड तासानं परत आले. आईच्या केसांवर तुषार होते आणि बाबांनी कुठूनतरी दोन आइस्क्रीम आणली होती. स्वतःच्या पैशांनी, डॉलरमध्ये, गुणाकार न करता. मुलं झोपली होती, तेव्हा ती मी आणि नवऱ्यानं खाल्ली.